हृदयाच्या पोकळीचे चित्र

अहमदनगरच्या तख्तावर पहिला बुऱ्हाण निजामशाह बसला तो इ. स. १५१० मध्ये, वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी. आणि पुढच्या त्रेचाळीस वर्षांत या दरबाराने लढाया, तहनामे, कारस्थाने आणि खुद्द सुलतानाने केलेला शिया पंथाचा स्वीकार अशा इतक्या उलाढाली पाहिल्या, की गोव्याहून घाट चढून येणाऱ्या एका पोर्तुगीज वैद्याची आठवण मागे उरली नसती तरी कोणास नवल वाटले नसते. ती उरली, याचे श्रेय त्या वैद्याच्याच लेखणीस आहे. गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यास उतरला, बुऱ्हाणशाहाचा वैद्य आणि स्नेही झाला, आणि हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने रचलेला ग्रंथ १५६३ साली गोव्याच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्यात निजामशाहाचे नाव पुनःपुन्हा येते, त्याच्या पदरच्या हकिमांशी झालेल्या वादांचे दाखले येतात, हिंग आणि आंबा यांची सविस्तर चर्चा येते. मात्र ज्या अवयवाच्या ठोक्यांवर हे सारे वैद्य आपल्या धन्याच्या प्रकृतीचा अदमास बांधीत, तो अवयव दिसतो कसा याचा विचार त्यात शोधून सापडावयाचा नाही.

तसा विचार करण्याची गरजही कोणास भासत नव्हती. ओर्ता आणि दरबारचे हकीम यांचे धर्म भिन्न, भाषा भिन्न. परंतु इब्न सीनाचा ‘कानून’ हा दोघांसही शिरोधार्य होता, आणि त्यामागे उभ्या असलेल्या ग्रीक परंपरेने असे ठरवून टाकले होते की हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते. ती छिद्रे कोणीही पाहिली नव्हती, आणि अदृश्य म्हटल्यावर पाहण्याचा प्रश्नच मिटला होता. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने पडदा भरीव आहे, रक्ताला फुप्फुसांतूनच फेरा घ्यावा लागतो, असे स्पष्ट लिहून ठेवले होते खरे. पण त्या लिखाणाचे महत्त्व जगाच्या ध्यानी आले ते १९२४ मध्ये, एका इजिप्शियन विद्यार्थ्याने बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित उघडल्यावर. आपल्याकडील वैद्यांची स्थिती निराळी नव्हती. सुश्रुताने हृदयाला अधोमुख कमळाची उपमा देऊन ठेवली होती, शार्ङ्गधराने नाडीपरीक्षा सांगितली होती, आणि मनगटावर ठेवलेली तीन बोटे एवढाच हृदयाकडे जाणारा रस्ता उघडा होता. नगरच्या दरबारात वाढलेला आणि पुढे विजापूरकरांच्या आश्रयाने इतिहासकार म्हणून गाजलेला फिरिश्ता यानेही ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ नावाचा वैद्यकग्रंथ लिहिला, आणि त्यात हिंदुस्थानी औषधांचा मोठ्या आदराने परामर्श घेतला. इतिहासकाराने वैद्यक लिहावे यात त्या काळी काही वावगे वाटत नसे; दोहोंतही फार करून जुन्या मंडळींच्या साक्षींवरच भिस्त असे.

बुऱ्हाणशाह अजून अज्ञान होता त्याच सुमारास, म्हणजे १५१३ च्या आसपास, तिकडे इटलीत लिओनार्दो दा विंची हा चित्रकार बैलाचे हृदय पुढ्यात घेऊन एक विलक्षण उद्योग करीत होता. हृदयातील पोकळीत त्याने वितळलेले मेण ओतले, ते गोठल्यावर भोवतालचे मांस सोडवून काढले, आणि हाती आलेल्या साच्यावरून हृदयाच्या मुळाशी फुटणाऱ्या महारोहिणीची काचेची प्रतिकृती करून तिच्यातून गवताचे बी मिसळलेले पाणी खेळवण्याची योजना मांडली. हेतू हा, की झडपांमागे प्रवाह कसा भोवरे घेतो ते डोळ्यांनी दिसावे. या युक्तीचे मर्म वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे अशी माझी विनंती आहे. लिओनार्दोच्या हाती आले ते हृदय नव्हते. हृदयात जी रिकामी जागा होती तिचा तो साचा होता. आज संगणकाच्या पडद्यावर ओले, चकाकणारे, जणू आताच छातीतून उचलून ठेवले आहे असे जे हृदय फिरताना दिसते, त्याची वंशावळ मागे नेत गेले तर ती या मेणाच्या गोळ्यापाशी येऊन ठेपते. मधल्या पाच शतकांत ओतण्याचा पदार्थ बदलला, पाहण्याचा प्रकाश बदलला. पोकळी भरून तिचे चित्र घ्यावयाचे हा शिरस्ता मात्र बदलला नाही.

लिओनार्दोच्या वह्या त्या काळी छापल्या गेल्या नाहीत. वेसालियसचा सचित्र शरीररचनाग्रंथ १५४३ मध्ये आला. फुप्फुसातील रक्ताचा फेरा सांगणाऱ्या सर्वेटसला त्याच्या धर्ममतांसाठी १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळले, आणि त्याच वर्षी इकडे बुऱ्हाणशाह मरण पावला. पाखंडाचा तोच आरोप ओर्ताला मात्र मेल्यानंतर भोवला: १५८० साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धांत १६२८ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा मलिक अंबरला जाऊन दोन वर्षे झाली होती आणि निजामशाहीचे दिवस भरत आले होते.

पुढची अडीचशे वर्षे या विषयापुरती लवकर ओलांडता येतात. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला; १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे येथे बस्तान बसले; आणि एकोणिसावे शतक सरता-सरता ज्युलिया बिसेल व नंतर रूथ ह्यूम या मिशनरी घराण्यांतल्या डॉक्टरबाईंनी नगरच्या बायाबापड्यांना पाश्चात्य औषधोपचाराची ओळख करून दिली. हृदयाच्या बाबतीत त्यांच्याजवळ फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१६ मध्ये काढलेला स्टेथस्कोप होता. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेलेल्या आणि ऐन तारुण्यात दोन पायऱ्या चढताच दम लागणाऱ्या मुलींच्या छातीवर तो ठेवला, म्हणजे आकसलेल्या झडपेतून घुसणाऱ्या रक्ताची गुरगुर ऐकू येई. निदान होई, इलाज नव्हता.

पहिले चित्र आले ते मृताचे. रंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, आणि पुरते तीन महिने लोटण्याच्या आत व्हिएन्नातील हाशेक आणि लिंडेनथाल यांनी शवापासून वेगळ्या केलेल्या एका हाताच्या रोहिण्यांत खडू, हिंगूळ आणि खनिज तेल यांचे मिश्रण भरून त्याचे क्ष-किरणचित्र घेतले. त्यासाठी सत्तावन्न मिनिटे किरण सोडावे लागले. जिवंत माणूस इतका वेळ निश्चल राहता ना, आणि हिंगूळ नसांत घेऊन जगताही ना. पुन्हा, क्ष-किरणांना हाड दिसते, फुप्फुसातील हवा दिसते. रक्त आणि मांस मात्र त्यांच्या लेखी जवळजवळ सारखेच, त्यामुळे रक्ताचा मार्ग दाखवावयाचा तर रक्तात काहीतरी परके मिसळणे भाग होते.

ते परके द्रव्य थेट हृदयापर्यंत नेण्याची वाट १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या उमेदवार डॉक्टराने स्वतःच्या देहावर उघडली. वरिष्ठांचा हुकूम मोडून त्याने आपल्या कोपराजवळील नीलेतून पासष्ट सेंटिमीटर लांबीची नळी आत सरकवली, त्याच स्थितीत जिना उतरून तो क्ष-किरणांच्या खोलीत गेला, आणि नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचे चित्र काढून घेतले. वरिष्ठांनी बोल लावला. नोबेल पारितोषिक मिळाले ते सत्तावीस वर्षांनी. हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्या मात्र अजून निषिद्ध मानल्या जात होत्या, कारण त्यांत औषध शिरले तर हृदय तडफडून बंद पडणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स हे महारोहिणीचे चित्र घेत असता नळीचे टोक घसरून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि द्रव्याची भरपूर मात्रा तीत गेली. रोग्याचे हृदय काही क्षण थांबले. सोन्सनी त्याला जोराने खोकण्यास सांगितले. तो खोकला, आणि हृदय पुन्हा चालू लागले. आज तालुक्याच्या गावचा माणूसही ज्या तपासणीचे नाव सराईतपणे उच्चारतो, ती अँजिओग्राफी अशी अपघाताने जन्मास आली.

मुंबईत या विद्येने मूळ धरले ते परळच्या के. ई. एम. रुग्णालयात. हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले तेच मुळी तेथे हिंदी डॉक्टरांनीच शिकवावे या अटीवर, आणि त्या अटीचे चीज करणाऱ्यांत प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव अग्रभागी आहे. सेन बंगाली, पण त्यांच्याभोवती जो परिवार जमला त्यात गजानन पारुळकर, शरीरविकृतिशास्त्राचे किणरे, केळकर अशी मराठी माणसे होती. आकसलेली झडप मोकळी करण्याची त्या काळची शस्त्रक्रिया म्हणजे डोळ्यांवाचून पाहण्याचा प्रकार होता: धडधडत्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला असलेल्या कानासारख्या पिशवीस छेद देऊन शल्यविशारद आपली तर्जनी आत घाली, छेदाभोवती टाका आवळून धरी, आणि बोटाच्या पेराला झडपेची चिकटलेली कड लागली की ती दाबून विलग करी. रक्ताने भरलेल्या त्या अंधाऱ्या कप्प्यातला आकार त्याला कळे तो बोटालाच. बर्नार्डने केप टाउनमध्ये पहिले हृदयरोपण केल्यावर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मधल्या एका रात्री सेन यांनी के. ई. एम. मध्ये एका तरुण शेतकऱ्यावर तीच शस्त्रक्रिया केली. रोगी काही तासांतच दगावला, आणि लोकांच्या स्मरणात सेन राहिले ते मुख्यत्वे या एका रात्रीमुळे. हे मला थोडे अन्यायाचे वाटते. सर्पाच्या हृदयाचा स्नायू पोकळीतल्याच रक्तावर सच्छिद्र स्पंजासारखा पोसला जातो हे पाहून, माणसाच्या हृदयालाही आतून सुईने छिद्रे पाडून रक्त देता येईल काय, असा प्रश्न त्यांनी उद्वाडिया, किणरे व पारुळकर यांच्यासह १९६५ मध्ये एका निबंधातून मांडला होता, आणि तो प्रश्न पुढे परदेशात लेसरच्या साहाय्याने कितीतरी वर्षे घोळत राहिला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने या मंडळींचे सर्वांत मोलाचे काम निराळेच आहे. जपानातील मिकितो ताकायासु या नेत्रवैद्याने १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण वर्णिली. पुढे ध्यानात आले की अशा रोग्यांच्या मनगटाला नाडीच लागत नाही, कारण हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या मुळाशीच आवळून गेलेल्या असतात. हा रोग आपल्या देशातही आहे, बहुधा तरुण स्त्रियांना होतो, आणि येथे तो पुष्कळदा पोटातील महारोहिणीला व मूत्रपिंडांच्या रोहिण्यांना ग्रासून विशी-पंचविशीतच भयंकर रक्तदाब उत्पन्न करतो. सेन, किणरे, केळकर आणि पारुळकर यांनी अशा १०१ रोग्यांचा अभ्यास करून त्यावर एक स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. महारोहिणीत द्रव्य सोडून घेतलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत त्यांना दिसे ती पोकळी: येथे बारीक, तेथे फुगीर, पुढे एकदम तुटलेली. पोकळी अशी का झाली हे चित्र सांगू शकत नसे. ते सांगितले शवविच्छेदनाच्या टेबलावर भिंतीच्या पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या किणऱ्यांनी: रोग भिंतीचा आहे, भिंत आधी सुजते, जाड आणि ताठर होते, आणि पोकळीचे आवळणे हा त्याचा मागाहून दिसणारा परिणाम आहे, क्षयाशी त्याचे नाते असावे असाही संशय त्या काळी घेतला गेला. म्हणजे चित्रात रोग उमटू लागे तोवर भिंतीत तो केव्हाच मुरलेला असे.

इकडे परळमध्ये हे चालले असता चित्राच्या मागचे गणितच पालटत होते. साधे क्ष-किरणचित्र म्हणजे सावली. सावलीत पुढचे आणि मागचे एकावर एक पडते. यातून सुटका कशी झाली ते समजून घेण्यास नगरचा भुईकोट किल्ला उपयोगी पडेल. किल्ला वाटोळा आहे, भोवती खंदक आहे. आता तटातून आरपार जाणारी दृष्टी लाभलेला एक मनुष्य खंदकाच्या बाहेरून फेरी मारतो आहे असे समजा. पहिल्या बुरुजासमोरून त्याला आतल्या दोन इमारती एका रेषेत येऊन एकच भासतील. दहा पावले पुढे गेल्यावर त्यांच्यात फट पडेल. आणखी पुढे एक दुसरीच्या डावीकडे सरकेल. संपूर्ण फेरी मारून प्रत्येक ठिकाणी दिसलेली सपाट सावली त्याने टिपून ठेवली, आणि त्या सर्व टिपणांचा मेळ घातला, तर आतला नकाशा त्याला तट न ओलांडता काढता येईल. हा मेळ गणिताने घालता येतो हे योहान राडोन याने १९१७ मध्येच सिद्ध केले होते. ब्रिटनमध्ये गॉडफ्री हौन्सफील्ड यांनी तसे यंत्र, म्हणजेच सीटी स्कॅनर, बांधले, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या एका रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचा छेद त्यावर पाहिला गेला. चित्रात ऐंशी गुणिले ऐंशी एवढेच चौकोन होते. प्रत्येक चौकोनाला एक आकडा. आजच्या मोजपट्टीत पाण्याचा शून्य, हवेचा उणे एक हजार.

त्याच १९७१ साली गो. ना. रामचंद्रन आणि अ. व. लक्ष्मीनारायणन या दोघा भारतीय शास्त्रज्ञांनी हा मेळ पुष्कळ कमी आकडेमोडीत घालण्याची रीत प्रसिद्ध केली. हौन्सफील्डच्या पहिल्या यंत्रात ती नव्हती. मागाहून आलेल्या यंत्रांनी मात्र त्या धर्तीची रीत उचलली, आणि तीतील गाळणीला जगभरचे अभियंते आजही या दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘राम-लाक’ म्हणतात. हेच रामचंद्रन मद्रासेत असताना त्यांनी कोलॅजेन या द्रव्याची तिपेडी रचना उलगडली होती, आणि कोलॅजेन म्हणजे रोहिणीच्या भिंतीला बळ देणारा तंतू. भिंत ज्यापासून बनते तो तंतू एका गृहस्थाने उकलावा आणि पोकळी दाखवणाऱ्या यंत्राला गणितही त्यानेच पुरवावे, हा योगायोग मला तरी मोठा मौजेचा वाटतो.

मेंदू स्थिर असतो, हृदय नव्हे. मिनिटाला सत्तर वेळा आकसणाऱ्या अवयवाभोवती फेरी पुरी होईतो तो जागेवरून हललेला असतो, आणि मेळ विसकटतो. म्हणून हृदयाच्या सीटी स्कॅनला पंचवीस-तीस वर्षे थांबावे लागले. एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे १९९८ मध्ये, चौसष्ट घेणारी २००४ च्या सुमारास आली, आणि त्यानंतर लगेच दोन नळ्यांचे यंत्र निघाले, ज्याला हृदयाचे एक चित्र सेकंदाच्या बाराव्या भागात टिपता येते. एवढ्यानेही भागत नाही. तपासणीआधी गोळी देऊन नाडी साठीच्या आसपास आणतात, जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन रोहिण्या थोड्या सैल करतात, छातीला ईसीजीच्या तारा लावतात, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या विसाव्याच्या क्षणीच यंत्राने टिपण घ्यावे. “आजी, आता अंग गरम झाल्यासारखं वाटेल, घाबरू नका, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा,” असे काचेपलीकडून तंत्रज्ञ सांगतो, कोपराजवळच्या सुईतून आयोडिनयुक्त ‘डाय’ सेकंदाला चार-पाच मिलिलिटर या वेगाने आत जातो, टेबल कडीतून सरकते, आणि आजींना श्वास सोडण्याचा हुकूम मिळेपर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने घेतलेले शेकडो छेद यंत्राच्या पोटात जमा झालेले असतात. रोगनिदान त्यांतच असते. पण ते करडे छेद एकामागून एक पाहून मनात घन आकार उभा करणे हे क्ष-किरणतज्ज्ञाचे वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले कसब, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याजवळ किंवा रोग्याच्या मुलाजवळ ते असेलच असे नाही.

घन आकार यंत्रानेच उभा करावा, या खटपटीत वैद्यकाला मदत आली ती सिनेमाच्या बाजूने. १९८७ मध्ये लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी आकड्यांच्या ढिगातून पृष्ठभाग शोधून काढण्याची युक्ती दिली. पुढच्याच वर्षी पिक्सार या कंपनीतील ड्रेबिन, कारपेंटर व हॅनराहन यांनी पृष्ठभागाची निवड न करताच प्रत्येक आकड्याला रंग व पारदर्शकता नेमून देऊन सबंध घनफळच रंगवण्याची रीत मांडली. बाहुल्यांचे बोलपट काढून जगप्रसिद्ध होण्यापूर्वी ही कंपनी आपली यंत्रे रुग्णालयांना विकू पाहत होती, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. या रीतीने निघालेली हृदयाची चित्रे उठावदार होती, पण त्यांत प्रकाश एका बाजूने येई आणि पदार्थाला लागून संपे. चित्र मातीच्या रंगवलेल्या खेळण्यासारखे दिसे.

प्रकाश खरोखर असा वागत नाही. तो आत शिरतो, विखुरतो, एका कडेवरून उसळून दुसरीच्या खालचा अंधार थोडा उजळतो. हा सारा व्यवहार एका समीकरणात जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये बसवला होता. ते सोडवण्याची त्यांनी सुचवलेली रीत म्हणजे प्रत्येक बिंदूमागे हजारो काल्पनिक किरण यदृच्छेने सोडावे, ते कोठे आदळतात, किती शोषले जातात याचा हिशेब ठेवावा आणि सरासरी काढावी. हिशेब प्रचंड, तो चटकन उरकणारे संगणक येईतो पंचवीस वर्षे गेली. मग जर्मनीत सीमेन्सच्या क्लाउस एंगेल प्रभृतींनी ही रीत सीटीच्या आकड्यांना लावली, चित्रपटात कृत्रिम प्राणी खऱ्या दृश्यात मिसळावा म्हणून भोवतालच्या खऱ्या उजेडाचा नकाशा जसा वापरतात तसा येथेही वापरला, आणि ऑस्ट्रियातील लिंझचे क्ष-किरणतज्ज्ञ फ्रान्झ फेलनर यांनी ही चित्रे भव्य पडद्यावर सामान्य जनांसही दाखवली. सिनेमॅटिक रेंडरिंग हे या रीतीचे प्रचलित नाव. २०१७ साली जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या नवतंत्रविषयक पारितोषिकासाठी या मंडळींचे नामांकन झाले.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे नगरच्या दरबारात तयार झालेले सचित्र हस्तलिखित आहे. बुऱ्हाणशाहाचा मुलगा हुसेन निजामशाह याने तालिकोटच्या रणात १५६५ मध्ये मिळवलेल्या विजयाची त्यात वाखाणणी आहे. त्या चित्रांत सावली म्हणून नाही. राजा, सिंहासन, झाड, सगळे सारख्याच उजेडात. हुसेनची राणी खानजादा हुमायून बेगम हिची आकृती मागाहून कोणीतरी रंग फासून पुसली आहे, आणि तरीही तिची जागा कळते. चित्रकाराने जे दिसते ते काढले नाही, जे असावे असे दरबारास वाटे ते काढले. नव्या यंत्राने काढलेल्या हृदयाविषयी मला नेमके उलटे भय वाटते. तेथे सावली अस्सल भासते, ओलसर चमक अस्सल भासते, तांबूस रंग अस्सल भासतो; वस्तुतः छातीच्या आत प्रकाश कधी पडलेलाच नसतो, रंग एका आकड्याला कोणीतरी नेमून दिलेला असतो, आणि करड्या छेदांत नव्हती अशी एकही नवी गोष्ट या चित्रात आलेली नसते. पारदर्शकतेची मर्यादा किंचित इकडची तिकडे झाली तर धड रोहिणी तुटलेली दिसेल, किंवा कॅल्शियमचा खडा फुगून शेजारची वाट झाकून टाकील. आणि चित्र जितके जिवंत, तितकी ही चूक खरी वाटावयाची. सावलीचा लाभही तितकाच खरा आहे. जन्मतःच वाकडीतिकडी जुळणी झालेल्या बाळाच्या हृदयात कोणती वाहिनी पुढून जाते आणि कोणती मागून, हे शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला सपाट छेदांपेक्षा या चित्रात चटकन उमगते, आणि त्या चटकन उमगण्यात टेबलावरचा वेळ वाचतो.

नगर जिल्ह्यात यांपैकी काय, केव्हा पोचले? प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये उभा केला; ऊस, पाणी आणि पैसा यांच्या त्या संसारातून लोणीस रुग्णालय झाले आणि १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. नगर शहरात जैन समाजाच्या पुढाकाराने आचार्य आनंदऋषींच्या नावाने रुग्णालय उभे राहिले आणि तेथे हृदयावरील शस्त्रक्रिया होऊ लागल्या. तत्पूर्वी छातीत कळ आलेला माणूस एसटीने नाहीतर जीपगाडीने पुण्यास न्यावयाचा, आणि खर्च ऐकून परत आणावयाचा, हा पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड मजुरांच्या घरचा रिवाजच होता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून राजीव गांधी जीवनदायी योजना जिल्ह्यास लागू झाली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबास दरसाल दीड लाखापर्यंतचा उपचार सरकारी खर्चाने मिळू लागला. आणि हृदयाच्या चित्राला आजवर नव्हते असे एक निराळेच महत्त्व आले. स्टेंट बसवण्याची मंजुरी हवी तर अर्जासोबत अँजिओग्राफीची चित्रे धाडावयाची. जन्माचा दाखला, सातबारा, शिधापत्रिका, तसे आता रोहिणीचे चित्र. तेही दप्तरी दाखल होऊ लागले. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाचा प्रश्न तर ठरलेला: “डॉक्टरसाहेब, ब्लॉकेज किती टक्के?” टक्केवारी पोकळीची असते. भिंतीची टक्केवारी कोणी विचारीत नाही, आणि कालपर्यंत ती सांगताही येत नव्हती.

अलीकडे भिंतीकडे पाहण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. क्ष-किरणांचा एकेक कण मोजून कॅल्शियम आणि आयोडिन वेगळे ओळखणारी यंत्रे २०२१ पासून विकली जाऊ लागली. ऑक्सफर्डच्या अँटोनियाडिस यांच्या चमूने त्यापूर्वीच दाखवून दिले होते, की रोहिणीची भिंत सुजू लागली म्हणजे तिला बाहेरून वेढून असलेल्या चरबीच्या पेशींत पाण्याचा अंश वाढतो, आणि सीटीच्या करड्या छेदांत त्या चरबीचा उणे आकडा शून्याकडे सरकलेला सापडतो. म्हणजे पोकळी अजून मोकळी असता, टक्केवारीचा प्रश्न उद्भवण्याच्या आधीच, भिंतीचा रोग बाहेरच्या बाजूने वाचता येतो. नेमकी हीच चरबी त्रिमितीय चित्र तयार करणारा तंत्रज्ञ पहिल्या प्रथम पारदर्शक करून टाकतो, कारण ती ठेवली तर रोहिण्या तिच्याखाली झाकून जातात.